चित्रातली निळी डोल

पुस्तक मोठं. मांडीवर मावेना,
म्हणून दोन बाक जोडले
आणि चौथीची सगळी पोरं (अकराच आहेत)
त्यावर ओणवी झाली,
विहिरीत वाकून बघावं तशी.

रावपुऱ्यातली आमची शाळा.
खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही.
पुढच्या जूनला वर्ग भरेल, न भरेल.

सोळा वर्षं हा धडा मी फळ्यावर शिकवला :
शहरात नळ कधी आला?
साल लिहायचं, खाली दोन रेघा मारायच्या.
परीक्षेत तेवढंच यायचं,
परीक्षेनंतर तेवढंच जायचं.

आज साल सांगितलंच नाही.
पान उलटलं,
तर जमीन कापलेली, केक कापावा तशी :
वर गवत, म्हशी, छत्री धरलेला एक इंजिनियर,
खाली माती, मुरूम, खडक,
आणि त्यांच्या पोटातून
आजव्याच्या तळ्यापासून थेट शहरापर्यंत
आडवा झोपलेला काळा पाइप.

झलक साबळेनं तळ्यावर बोट ठेवलं
आणि उतारावरून ओढत आणलं,
पाणीगेट, मांडवी, रावपुरा,
तोंडानं सूं सूं करत.
"पंप कुठंय, बाई?"
पंप नाही. उतारच आणतो पाणी.
तिनं बोट पुन्हा वर नेलं, पुन्हा सोडलं.
चार वेळा.

ओजस विश्वामित्रीत मगर शोधत राहिला.
काढलीच नव्हती. तो नाराज.

मग हर्षील चिखले, जो कधी बोलत नाही,
ज्याचे वडील पाणीगेटला भंगार तोलतात,
पानाच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाला,
"बाई, ही डोल खोटी आहे."

कोपऱ्यात नवा नळ, नळाला हार,
बायकांची रांग, आणि रांगेत
एक निळी डोल.
"प्लास्टिकची आहे. कडा बघा ना, वळलेली.
आमच्याकडे किलोनं येतात असल्या.
तेव्हा प्लास्टिक कुठं होतं?"

मी चष्मा पुसला.
सोळा वर्षांत इतिहासाला
कुणी खोटं म्हटलं नव्हतं.
सगळे हो म्हणून पुढच्या धड्यात गेले,
मीही त्यांच्याबरोबर.

"छापलंय म्हणजे खरंच असणार," मोक्षदा म्हणाली,
आणि एका वर्गाचे दोन वर्ग झाले.
पितळेची असेल. लाकडाची. मडकंच असेल.
पत्र्याची मिळायची का तेव्हा?
मला ठाऊक नव्हतं,
आणि मी तसं सांगून टाकलं.
मागच्या बाकावर कुजबुज :
बाईंना येत नाही.

दुसऱ्या दिवशी
कुणी शेजाऱ्यांकडून पखाल आणली, नुसती तोंडी,
चामड्याची, टपकत येणारी.
हर्षीलनं खरी घागर आणली,
तांब्याची, चेपलेली, तळ गेलेली,
आत वडिलांची चिठ्ठी :
२ किलो ३००. परत पाठवणे.

एकेकानं ती कमरेवर घेऊन बघितली.
"भरल्यावर किती होईल?" मोक्षदानं विचारलं
आणि चित्रातल्या बायकांकडे पुन्हा बघितलं,
या वेळी जरा जास्त वेळ.

मग घागर काढली, रंगवली, कातरली,
निळ्यावर चिकटवली, एकाच कडेनं,
झाप उचलून खालचं बघता येईल अशी.
खाली लिहिलं : आम्हांला वाटतं, ही अशी असावी.
चौथी अ.
(चौथी ब नाहीच.)

वाचनालयात जयंतीभाईंनी पान गाठलं.
"बेन, आ शुं?"
झाप उचलली, डोल बघितली,
झाप सोडली, पुन्हा उचलली.
मी पर्स उघडून उभी. दंड किती?
त्यांनी परतीचा शिक्का मारला,
मग पुस्तक डोळ्यांजवळ नेलं.
"घागर ठीक आहे," ते म्हणाले,
"पण नदीत ही मगर?"

मगरीचं मलाही माहीत नव्हतं.