कथील

अंबडच्या रात्रपाळीत पहिल्यांदा पाहिला
तेव्हा सेल करडा होता. गुळगुळीत, उर्मट,
आलेल्या उजेडाचा तिसरा हिस्सा
तोंडावर परत फेकणारा.
मग भट्टीतून निळा होऊन आला.
पाऊणशे नॅनोमीटरचा लेप,
म्हणजे केसाच्या जाडीचे हजार भाग, त्यातला एक.
पातळ झाला तर जांभळा, जाड झाला तर फिकट.
मी डोळ्यांनी ओळखते. यंत्र नंतर सांगतं.

दुसाने साहेबांचं घराणं सराफ बाजारातलं,
आजोबा गुंजेत बोलायचे.
साहेब पैशात बोलतात, एका वॅटमागे किती.
त्यांच्या फळ्यावर महिनाभर न पुसलेलं
एकच वाक्य: चांदी घटवा.
सेलच्या अंगावरच्या बारीक रेघा चांदीच्या,
नफा तिथेच मुरतो.
म्हणून आता तांब्याच्या रेघा,
आणि तांबं काळं पडू नये म्हणून वरून
कथलाचा हात.

मी हसले. मास्कच्या आत.

अब्बांचा भाता भांडी बाजाराच्या तोंडाशी असायचा.
नवसागराचा पांढरा धूर, कापसाचा बोळा,
सांडशीत गरगरणारं पातेलं,
आणि मग आत एकदम उजाडायचं.
गिऱ्हाईक भांड्यात तोंड बघून पैसे द्यायचं.
स्टील आलं, भाता पोटमाळ्यावर गेला.

आमची पहिली खेप चाचणीत गेली.
चिकटपट्टी लावली, ओढली,
रेघा सोलून आल्या वालपापडीच्या शिरांसारख्या.
साहेबांनी रसायन बदललं. परत सोलल्या.
घरी सांगितलं तर अब्बा ताटातून मान वर न करता म्हणाले,
"घासलं नसेल नीट.
अर्धा दिवस हंड्यात उभं राहून
पायांनी रेती फिरवायचो मी.
कथील लावायला काय, दोन मिनिटं."

रेती नाही वापरली आम्ही.
धुण्याची एक टाकी वाढवली, आम्लात वीस सेकंद जास्त.
सातव्या खेपेला पट्टी कोरी निघाली.
दुसाने साहेबांनी फळा पुसला,
हातरुमालानेच.

कोपरा उडालेला एक सेल घरी आणला.
अब्बांनी तो खिडकीशी धरला, तिरका केला,
सवयीने तोंड शोधलं.
"काही दिसत नाही गं."
"दिसायचंच नाही, अब्बा. ह्याने सगळं आत घ्यायचं."
"टिकतो किती?"
"पंचवीस वर्षं."
दोन्ही हातांनी, पापड धरावा तसा,
त्यांनी तो माझ्याकडे परत दिला.
"मग गिऱ्हाईक परत यायचं कधी?"