वॉरंटीचे एकोणीस दिवस

घोडा पडतो, पण चक्र फिरत नाही.
दोन वर्षं कमरेला बांधून
झवेरी बाजारातून पायधुनीला सोनं पोचवलं,
चाप पहिल्यांदा ओढला तो परवा, सरावाच्या मैदानावर.
आतून नुसती टिचकी आली,
कुणी दारावर नख वाजवावं तशी.

कुतबुद्दीनभाईंनी भिंग लावलं.
"आतलं कुत्रं झिजलंय. कानस मारतो,
चहा येईतो होईल.
पण हे सील तुटलं की
कंपनी तुम्हाला ओळखणार नाही, पेडणेकर."

कंपनीचं म्हणाल तर अर्ज, दोन प्रती,
पोलीस ठाण्याचा शिक्का, परवान्याची झेरॉक्स,
मग कानपूर.
चार महिने म्हणतात. म्हणजे आठ.

शेठ म्हणाले, "बघा तुम्ही. जीव तुमचा."
जरा थांबून, "मालही आहेच म्हणा."

रात्रभर हेच दळण.
कानशीचे तीनशे रुपये, सीलची बारीक तार,
आणि मधेच भलतंच काही:
दोन वर्षं ही मुकीच होती की,
तरी गल्लीतला एकेक माणूस
माझ्या कमरेकडे बघून बाजूला सरत होता.

सकाळी अर्ज भरला.
'दोष' : फिरत नाही.
'केव्हापासून?'
या रकान्यापाशी पेन बराच वेळ टेकून राहिलं,
शाईचा ठिपका मोठा झाला.
तोच उत्तर समजा.

आज होल्स्टरमध्ये चष्म्याचं घर आहे.
बटण लावलंय.
शेठ नेहमीसारखेच
अर्धं पाऊल माझ्या मागे.