वलांडी

माघातलं ऊन. वेसाव्याच्या किनाऱ्यावर
बोंबील तोंडात तोंड अडकवून
जोडीजोडीनं बांबूवर लटकलेले.
व्हर्नानं टोपी काढली
आणि बराच वेळ नुसता वास घेतला.

आमच्याकडे सामन, ती म्हणाली.
जुलैत खोऱ्यातला वारा तापला
की चिरा पाडून टांगतो.
धूर लागत नाही, वाराच शिजवतो.
हारकूआत्याला मी सांगितलं. ती म्हणाली,
“मंग वलांडी त्यांची बी हाय.”

वलांडी.
शाळेत बाईंनी माझे सगळे ल वेचून ळ केले:
डोला, काली, केली, आमची जातसुद्धा.
हा एक शब्द सुटला,
कारण बाईंना तो ठाऊकच नव्हता.
आता मी मुद्रितं तपासते.
पानाला वीस रुपये, ळ आणि ण धरून.

व्हर्ना वाळूत काडीनं नदी काढते.
वरच्या अंगाला आमच्या भाषेचं नाव
ल-नं घेतात, हल्कमेलेम.
मुखापाशी न-नं, हन्कमिनम.
आणि पाण्यापल्याडच्या बेटावर दोन्ही, हुल्कमिनम.
यातलं शुद्ध कुठलं? मी विचारलं. धंद्याची खोड.
ती म्हणाली,
तू नदीवर कुठं उभी आहेस?

तिची आई वरची, बाप खालचा.
दोघांचीही जीभ शाळेनं धुऊन काढली.
हिला भाषा मिळाली पन्नाशीत,
मावशीच्या एका कॅसेटमध्ये.
मागं कुणीतरी भांडी घासतंय.
भांड्यांसकट पाठ आहे तिला.

तिचा क घशात अडतो, मग फुटतो.
आत्यानं करून पाहिला, ठसकली,
“काटा लागला गो!”
आणि डोळे पुसत विचारलं,
“तुजे नदीन बोंबील हाय का?”
नाही.
“मंग जगता कशी?”
हे मी भाषांतरलं नाही.
व्हर्ना तरीही हसली.

उन्हं कलली. व्हर्नानं वहीत वलांडी लिहिलं,
तिच्या लिपीत, ल-चा काटा उभा ओढून,
आणि माझ्यापुढं धरलं: बरोबर?
मी बघत राहिले.
तेवढ्यात आत्यानं सुक्या बोंबलांचा पुडा
तिच्या मांडीवर टाकला.

“नीट गुंडाल गो,” मी म्हटलं,
“विमानान वास येल.”

गुंडाल.
कुणाचंच लक्ष नव्हतं.
आत्या सुतळी शोधत होती.