अर्धी गोळी

जैबून सुरीनं गोळी कापते.
आधी अडकित्त्यानं कापायची, पण चुरा व्हायचा,
आणि मी तो बोटानं टिपून चाटायचो. कडू.
भुसा चाखून लाकूड ओळखावं तसा.

सात वर्षांपूर्वी मिरजेच्या या गल्लीत
माझे डोळे फजरच्या अजानीला उघडायचे
आणि बोटं साडेदहाला.
कानस मुठीत बसेना.
तंबोऱ्याची घोडी मांडीवर घेऊन नुसता बसायचो,
गिऱ्हाईक आलं की म्हणायचो,
"पॉलिश ओलं आहे, उद्या या."

मग आठवडी बाजारात एकानं पुडी दिली.
काळी, ओव्याच्या वासाची. जडीबुटी, म्हणाला.
तिसऱ्या दिवशी चार तंबोऱ्यांची जवारी काढली
आणि संध्याकाळी जैबूनच्या हातात
माझ्या हातानं बांगड्या भरल्या.
दोन वर्षं पुडी.
एका बाजाराला पुडीवाला आलाच नाही.
पाचव्या दिवशी मी दुकानात कोसळलो, भोपळ्यांच्या ढिगात.
एकही फुटला नाही, भाचा अजून सांगतो.

पाटणकर डॉक्टरीणबाईंनी पुडीचा कागद हुंगला.
"यात बहुतेक हेच होतं, जे मी आता लिहून देणार आहे.
मी मोजून देईन, एवढाच फरक."

मोजून.
भीमेकाठचा भोपळा मी टिचकीनं मोजतो,
साल कुठं जाड, कुठं कागद.
बाईंनी माझ्या हाडांचा फोटो काढला
आणि टिचकी न मारता सांगितलं
मणक्यात कागद कुठं आहे ते.
तोंड गोल झालं. शेजारचा दस्तगीर म्हणतो,
"मुनीरभाई, तब्येत सुधारली की!"
दंडाला दार लागलं तरी जांभूळ पिकतं.
डाव्या डोळ्यावर पॉलिशचा एक हात जास्त बसलाय.
ईदला शीरखुर्मा एक चमचा, तोही जैबूनच्या नजरेखाली.
रात्री तीनला टक्क जागा, आणि भूक अशी
की शिळी भाकरी उभ्यानं खातो, चोरासारखा.
परवा उगाच भाच्यावर ओरडलो.
तो म्हणाला, "मामू, हे तुम्ही नाही, गोळी बोलतेय."
मग मी कधी बोलतो, ते विचारायचं राहिलं.

त्यानं मोबाईलवर दोन रकाने करून दाखवले,
इकडे फायदा, तिकडे तोटा.
मला रकाने कळत नाहीत. मला दोरा कळतो.
घोडीवर तारेखाली सारायचा एवढासा सुती दोरा,
त्याला आम्ही जीव म्हणतो.
नसला तर तार मुकी, फार सरकला तर नुसती बडबडते.
केसभर इकडे, केसभर तिकडे,
आणि एका जागी तार आपणच म्हणते, बास.
उद्या ती जागा तिथंच असेल असं नाही.
हवा फिरते. लाकूड बसतं.

दहावरून साडेसात, साडेसातवरून पाच,
तारा उतरवाव्यात तसं सावकाश.
एकदम सोडल्या तर घोडी आडवी होते,
ते एकदा भोपळ्यांत पडून शिकलोय.
अडीचवर हात पुन्हा कुलूप झाले.
बाई म्हणाल्या, "पाचवरच थांबू.
आठवड्याची ती दुसरी गोळी धरू दे, मग बघू."
मी विचारलं, "बाई, हाडं की हात?"
त्यांनी पेनाचं टोपण लावलं.
"तुम्ही काय म्हणता?"

मी काही म्हणालो नाही. रिक्षा करून दुकानात आलो.

काल इस्लामपूरची एक पोरगी तंबोरा न्यायला आली.
भोपळ्याला कान लावून बसली, डोळे मिटून,
षड्ज छेडत राहिली, बराच वेळ.
मग विचारलं, "काका, हा किती वर्षं टिकेल?"
म्हटलं, "आत सगळा पोकळ आहे, बेटा.
पडू देऊ नकोस."
तिनं तो पोराला घेतात तसा घेतला.
मी कठडा धरून पायरी उतरलो, तिला रिक्षापर्यंत सोडायला,
आणि आतून जैबून ओरडली,
"कॅल्शियम राहिलं!"