डाव्या इंजिनाचे तास

घोड्याचे दात बघतात, बोटीचे तास.
डावं इंजिन एकोणीसशे बारा,
उजवं चौदाशे सहा.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
जुळी म्हणायची, एकाच दिवशी बसवलेली,
मग हा पाचशे सहा तासांचा फरक कुठला?

सावरगावच्या अंगाला, गंगापूर धरणाच्या काठी,
द्राक्षबागेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
ती ट्रेलरवर बसली होती नाक वर करून,
लग्नाला आलेल्या श्रीमंत आत्यासारखी.
ट्रेलरच्या एका टायरात हवा नव्हती.

"शेठनी जिवापाड जपलीये," बेदमुथांचा मुनीम म्हणाला.
विकणारा प्रत्येक जण जपतोच.
सातपूरला तीस वर्षं जनरेटर उघडलेत मी,
जपलेल्याच्या पोटात काय निघतं
ते माझ्या नखांना विचारा.

मेव्हणा आदल्या रात्री फोनवर हसला होता:
नाशकात समुद्र कधी आला?
मी म्हटलं, बघायला काय जातंय.
बघायला जाताना खिशात टोकन घेऊन गेलो,
हे त्याला नाही सांगितलं.

प्लग काढले. गेज लावला.
एकशे वीस, एकशे अठरा, एकशे वीस,
आणि डाव्याच्या चौथ्या सिलिंडरात ब्याण्णव.
गिअरचं तेल बोटावर घेतलं.
उजव्याचं मधासारखं.
डाव्याचं दुधाळ, फिक्या चहासारखं.
"सील गेलंय. पाणी शिरलंय," मी म्हणालो.
मुनीम द्राक्षांचे घड मोजू लागला.

प्रमिला तोवर गप्प.
बेअरिंगच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणीला,
हजारातलं एक किरकिरतं हातानं बाजूला काढणारी.
पाण्याचा पाइप जोडून दोन्ही इंजिनं चालू केली
तसा तिनं पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला,
टोक इंजिनाला, मूठ कानाला,
डोळे मिटून घेतले.
शेड थरथरत होती, पत्र्यावरचे पारवे उडून गेले,
ती मात्र कुणाची तक्रार ऐकावी तशी उभी.

"उजवं खोकतंय, पण खरं बोलतंय.
डावं पळून नाही झिजलेलं.
उभ्या उभ्या झिजलंय."

दारात लहानू बेंडकोळी विडी चुरगाळत होता,
बोट सोडणारा, बांधणारा, धुणारा.
त्यानं आधी मुनिमाकडे पाहिलं, मग पाण्याकडे.
"सांजचं जायचे शेठ, पार मधोमध.
उजवं बंद करायचे,
डावं नुसतं गुरगुरत ठेवायचे."

"तेही बंद का नाही?"

"आवाज लागायचा त्यांना.
घरात कोणी बोलत नव्हतं म्हणे."

"आणि वेगात नाही पळवली कधी?"

"पळवली की, पहिल्या साली.
पाच मिनिटांत पलीकडचा काठ येतो, साहेब.
मग काय करता?"

मी मनात भागाकार केला.
रोजचे दोन तास धरले
तर अडीचशेवर संध्याकाळी.
चौथ्या सिलिंडरातली काजळी
आता मला ओळखीची वाटू लागली,
आणि भाव पाडायला बसलेल्या माणसाला
असं काही वाटणं बरं नसतं.

तरी पाडला.
नऊवरून सहा चाळीस,
सील, इंपेलर, दोन बॅटऱ्या दाखवून दाखवून.
मुनिमानं फोन लावला,
पलीकडून फार वेळ काहीच ऐकू आलं नाही,
मग एवढंच, "देऊन टाका."

एप्रिलात कालव्याला आवर्तन सुटेल,
पाणी उतरेल, काठ चिखलात मागे सरकेल,
ट्रेलर उतरवायला ट्रॅक्टर सांगावा लागेल.
सगळं ठाऊक होतं.
पेट्रोलचा हिशेब तर मी मुद्दाम केलाच नाही.

परतीच्या वाटेवर, आनंदवलीच्या अलीकडे
टायरवाल्याकडे थांबलो.
प्रमिलानं कारखान्यातली जुनी वही उघडली,
रकाने अजून आखलेले.
डावं: १९१२. उजवं: १४०६.
शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थोडं थांबलं,
मग तिच्या तिरक्या अक्षरात:
दोन्ही एकदमच चालू करणे.

आणि खाली, घाईघाईत:
स्टेपनी नाही. विचारायचं राहिलं.