डावरा चमचा

फेरीबोटीवर तिकिटं फाडून निवृत्त झालेली सुन्निवा
मागच्या दाराशी ओलं बर्च तासत बसते.
ओलंच बरं, म्हणते, सुरीचं ऐकतं.

फ्योर्डवर तीनलाच अंधारतं.
ढलप्या मांडीवर, मोज्यांत, कॉफीतसुद्धा.

नऊ चमचे चुलीत गेले:
कुणाची मान वाकडी, कुणाच्या वाटीला भोक.
चुलीची तक्रार नव्हती.

हा दहावा.
दांडा मुद्दाम डावीकडे वळवलेला,
जाड,
अंगठ्याला टेकू मिळेल असा.

हाल्वोरचा उजवा हात ऑगस्टपासून
मांडीवर पाहुण्यासारखा बसून आहे.

रात्री सूप.
तो चमचा उचलतो, अर्धं सांडतो,
म्हणतो, "मीठ कमी आहे."

ती उठते. मीठ आणायला नाही,
सुरी शोधायला.
काठ अजून ओठाला लागतोय.