खारेपणा पस्तीस

फोन लागला की तू आधी विचारतोस, आल्कलिनिटी किती?
आठ पूर्णांक दोन, मी सांगते.
उपग्रहापर्यंत जाऊन यायला लागतो तेवढा वेळ कोणीच बोलत नाही.
मग तू म्हणतोस, ठीक. आणि तू?

मी काचेवरचं शेवाळ खरवडत होते,
बंद पडलेल्या एटीएम कार्डानं.
त्यावरचं तुझं नाव आता अर्धंच उरलंय.

सीवूड्समध्ये समुद्र असा करतात:
मोरब्याचं पाणी रात्रभर आरओतून गाळायचं,
निळ्या पिंपात पिशवीतलं मीठ घालून पंपानं ढवळायचं,
सकाळी त्याचा थेंब काचेवर घेऊन
ती नळी खिडकीकडे धरायची,
निळं कुठे संपतं, पांढरं कुठे लागतं ते बघायचं.
पस्तीस.
त्याच खिडकीतून पामबीच रोड दिसतो, रोडच्या पलीकडे खाडी,
फुकटचं खारं पाणी, भरती-ओहोटीसकट.
त्यातलं भांडंभरही आपल्याला चालत नाही.

आणि तू समुद्रावर आहेस म्हणजे
इंजिनरूममध्ये आहेस,
पाण्याच्या रेषेखाली, जिथे खिडकीच नाही.

दिवाळ्याहून बारकूबाई येते, मंगळवार सोडून.
एकदा पाटी दारात ठेवून थेट आत आली,
काचेला नाक लावलं.
"बाय, ही खावाची नाय, इकाची नाय,
मंग पालतंस कनाला?"
मला उत्तर सुचलं नाही.
नारिंगी जोडी तिच्या कपाळासमोर येऊन थांबली.
ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली,
"जाल्यातला मासा असा नाय बघत."
जाताना बोंबलाचे वीस रुपये जास्तच घेतले.

मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर उडाला त्या रात्रीचं
तुला सांगितलं नाही.
इन्व्हर्टर अकराला संपला. पंप थांबला,
आणि टाकीतून असा शांतपणा आला
की मी उठूनच बसले.
तांब्या घेतला. स्टीलचा.
नुसतं नाव तांब्याचं; खरं तांबं प्रवाळाला विष,
हे तूच शिकवलंस.
भरायचा, हातभर उंचावरून ओतायचा,
भरायचा, ओतायचा,
म्हणजे पाण्यात हवा मिसळते.
बर्फाच्या बाटल्या सोडल्या, त्या होडीसारख्या डुलत राहिल्या.
मेणबत्तीत दिसेल तेवढंच दिसत होतं:
हातोडीवाल्या प्रवाळानं सगळी बोटं आत ओढून घेतलेली.
कारखानीस काकूंनी दारातून विचारलं,
अभिषेक चाललाय का गं?
हो म्हटलं.
तीनशेपर्यंत मोजलं, पुढचं आठवत नाही.

दिवे आले तेव्हा खाली दूधवाल्याची सायकल वाजत होती.
बोटं एकेक करून बाहेर आली. सगळी नाही.
लाल शेपटीचा तो लाजरा मासा
वाळूवर आडवा होता.
वर्तमानपत्रात गुंडाळून कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला.
त्याच दिवशी दुपारी तू डर्बनजवळून फोन केलास.
आठ, मी म्हटलं. बरोब्बर आठ.
दंड इतके दुखत होते की फोन स्पीकरवर ठेवला होता.

परवा तू आलास.
बॅगा न उघडताच काचेवर बोट टेकवलंस
आणि सगळे खडकामागे पळाले.
हसलास. म्हणालास, विसरले लेकाचे.
मी मागून आले, तसे एकेक बाहेर आले,
माझ्या हाताकडे.
तू बाजूला सरकलास. मला तेव्हा
जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

दोन रात्री तू टॉर्च घेऊन खडकामागे शोधतोयस.
लाल शेपटीवाला कुठे दिसत नाही गं.
लपला असेल, मी म्हणते. लाजरा आहे ना.

आज टाकीच्या कपाटावर तुझा हात त्या तांब्याला लागला.
तळाशी मीठ सुकून पांढरं कडं धरलेलं.
हा इथे का?
राहू दे, मी म्हटलं.
तू त्याला वास घेऊन पाहिलास, मग माझ्याकडे पाहिलंस,
आणि होता तसाच परत ठेवलास,
कडं न पुसता.